काडी सगळ्यात शेवटी

मागच्या अंकात बोलण्याच्या ओघात मी लिहून गेले, की रानात शेकोटी पेटवायला एकच काडी पुरायला हवी. दुसरी लागली तर पहिलीच्या आधीच काहीतरी चुकलेलं असतं. हे वाक्य बऱ्याच जणांना झोंबलेलं दिसतंय, कारण या खेपेला पत्रांचा गठ्ठा नेहमीच्या दुप्पट आहे. तीस वर्षं मुलामोठ्यांना घेऊन रानात मुक्काम करते आहे, त्यामुळे एवढी फुशारकी मला माफ असावी. आणि पहिल्या वर्षी माझीही काडेपेटी संपायचीच, हे आधीच कबूल करून टाकते.

ताई, आम्ही चौघे मित्र रानात राहायला गेलो. पालापाचोळ्याचा गुडघाभर ढीग केला, वर मनगटाएवढी लाकडं रचली. पाचोळा धडाडून पेटला, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि पाच मिनिटांत नुसता धूर. असं सात वेळा झालं. लाकडं वाळलेली होती, शप्पथ. चुकलं कुठे?
*काडेपेटी संपलेला, वय २३*

शप्पथ घेऊ नकोस. लाकडं जमिनीवरून उचललीस की नाही, तेवढं सांग. पत्रात लिहिलेलं नाहीस, पण उचललीच असणार, सगळे तेच करतात. जमिनीला चिकटून पडलेलं लाकूड रात्रभर मातीची ओल पीत असतं. वरून पांढरंफटक दिसतं, उलटून पाहिलंस तर पोटाला काळसर ओलावा आणि दोन-चार किडे. सरपण शोधायचं ते कमरेच्या वर. झाडावरच वाळून मेलेल्या बारीक फांद्या, किंवा वरून मोडून खालच्या झुडपात अडकून राहिलेल्या. त्यांना चारी बाजूंनी वारा लागलेला असतो.

हाताला मिळेल ती काटकी कानाजवळ धरून मोड. ‘कट्’ असा कोरडा आवाज आला तर घे. वाकली, सालीला धरून लोंबत राहिली तर टाकून दे, मग ती कितीही वाळकी दिसो. थंडीत बोटं बधिर झाली असतील तर मोडलेलं टोक वरच्या ओठाला लाव. ओल असेल तर ओठाला गार लागतं. मुलं हे बघून हसतात आणि दहा मिनिटांनी सगळी ओठाला काटक्या लावून फिरत असतात.

आता तुझी दुसरी चूक, आणि ही पहिलीपेक्षा मोठी. पाचोळा आणि मनगट यांच्या मधल्या सगळ्या पायऱ्या तू गाळल्यास. लाकूड पेट घेतं ते साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला, पण तिथवर पोचण्याआधी त्यातलं पाणी जावं लागतं. ताज्या लाकडाच्या वजनात निम्मं पाणी असू शकतं. पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. तुझा पाचोळा बिचारा ते पाणी आटवण्यातच खर्ची पडला. तुला दिसला त्या पांढऱ्या धुरात बरीचशी वाफच होती. बारीक काटकी मात्र पटकन तापते, कारण तिच्या पोटात तापवायला फारसं काही नसतंच.

म्हणून मी तीन ढीग करते. पहिला काडेपेटीतल्या काडीएवढ्या जाड काटक्यांचा. हा ढीग असा हवा, की दोन्ही हातांच्या बोटांनी कवटाळला तर बोटं एकमेकांना भेटू नयेत. दुसरा पेन्सिलीएवढ्यांचा, त्याच्या दुप्पट. तिसरा अंगठ्याएवढ्यांचा, एक कवळाभर. मनगटाएवढी लाकडं चौथी, आणि ती शेकोटी पेटल्यावर दहा मिनिटांनी आणलीस तरी चालतात. पहिला ढीग गोळा करायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. सगळे तिथेच कंटाळतात, मग त्या कंटाळ्याची भरपाई काड्यांनी करत बसतात.

पाचोळ्याबद्दलही तुझा गैरसमज दूर करते. पानं सपाट असतात. एकावर एक बसली की वहीच्या पानांसारखी चिकटतात, आत हवा शिरत नाही. कडा जळतात, मधला गठ्ठा तसाच राहतो आणि वरून राखेची चादर. पाचोळ्यापेक्षा वाळलेलं बारीक गवत बरं. त्याहून बरी मेलेल्या फांदीची आतली, धाग्याधाग्यांची साल. ती सोलायची आणि दोन तळव्यांत धरून चोळायची, दोरी वळतात तशी पण उलटसुलट. दोन मिनिटांत खरखरीत सालीचे केसांसारखे तंतू सुटतात, मांडीवर भुसा पडतो. भुसाही फेकायचा नाही, तोच आधी पेट घेतो. हे तंतू घरट्यासारखे वाटोळे करायचे, मध्ये खळगा ठेवायचा. नारळाचा काथ्या, ताडामाडाच्या खोडावरची जाळी, वाळलेलं नेचं, सगळं चालतं. सावरीचा कापूस किंवा पाणकणसाचं बोंड मात्र एकट्याने कामाचं नाही. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच फर्र करून संपतं. त्याला सालीच्या तंतूंत मिसळलं तर ते ठिणगी धरतं आणि तंतू ती टिकवतात.

रचनेचे शंभर प्रकार पुस्तकांतून दाखवतात. मी एकच करते. मनगटाएवढं एक लाकूड वाऱ्याला आडवं ठेवायचं, म्हणजे वारा एका बाजूने येईल आणि लाकूड त्याच्या पलीकडे पडेल. घरटं त्याच्या आडोशाला नाही, वाऱ्याच्या बाजूला, लाकडाला टेकून. त्यावर पहिल्या ढिगातल्या काटक्या तिरप्या, एक टोक लाकडावर आणि एक जमिनीवर, छपरासारख्या. समोर बोटभर उघडी जागा, तिथून काडी आत. काडी नेहमी खाली लावायची, कारण ज्वाळ वर जाते. हे लिहायला मला लाज वाटते, पण वरून काडी लावणारे प्राध्यापक मी पाहिलेत. आणि फुंकर घाई करून मारायची नाही. ज्वाळ असेल तोवर तिला तिचं करू द्यायचं. ती बसली आणि लाल निखारा उरला, की हनुवटी जमिनीला टेकवून लांब, बारीक फुंकर. गाल फुगवून मारलीस तर राख डोळ्यांत जाते आणि निखारा गार होतो.

आम्ही मुलींच्या गटाला घेऊन जातो. गेल्या वर्षी दोन दिवस पाऊस होता, सगळं रान गळत होतं. शेवटी गाडीतून रॉकेल काढून काटक्यांवर ओतलं. मुलींसमोर ते बरं वाटलं नाही. अशा वेळी रानातलंच काही उपयोगी पडतं का?
*दोन मुलींची आई आणि बारा जणींची मावशी*

पडतं. आणि रॉकेलबद्दल एवढं वाईट वाटून घेऊ नका. थंडीने कुडकुडणाऱ्या बारा मुली समोर असताना तत्त्वं सांभाळणारी बाई मला आवडली नसती. फक्त एक, धुमसत्या शेकोटीवर कधीही ओतू नका. तिथे ज्वाळ धारेवरून डब्याकडे उलटी येते.

पाऊस वरून भिजवतो, आतून नाही. उभं वाळलेलं, साल गळून गेलेलं, मनगटाएवढं लाकूड शोधा. वरचं बोटभर ओलं असेल, गाभा कोरडा. ते कोयत्याने किंवा जाड सुरीवर दुसऱ्या लाकडाने ठोकून उभं चिरा, चाराचे आठ तुकडे करा. आता तुमच्या हातात कोरड्या कडा आहेत. यातला एक तुकडा जमिनीवर उभा टेकवा, सुरी जवळजवळ सपाट धरून वरून खाली सरकवा आणि टोकाला पोचण्याआधी थांबा. पातळ कुरळी ढलपी सुटेल, पण तुटून पडणार नाही. तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. पंधरा-वीस झाल्या की लाकडाला पिसं फुटल्यासारखं दिसतं. असे तीन तुकडे असले की गवत, पाचोळा काही लागत नाही. माझ्या पहिल्या दहा ढलप्या तुटून पडल्या होत्या, तुमच्याही पडतील. गोळा करून खिशात ठेवा, त्या वाया जात नाहीत. सुरी सरकवताना मनगट हलवू नका, कोपर सरळ ठेवून खांद्याने दाबा, आणि सुरीच्या वाटेत दुसरा हात किंवा गुडघा नको.

पाइनचं रान असेल तर तुम्ही श्रीमंत आहात. जुना मेलेला बुंधा कुजून जातो, पण जिथे राळ साठलेली असते तो भाग कुजत नाही. बुटाने ठोकून पाहा, बाकीचं भुसभुशीत आणि मध्येच काहीतरी टणक लागतं. तेच. चिरलं तर आत मधासारखा नारिंगी रंग आणि टर्पेंटाइनचा वास. टर्पेंटाइन या राळेतूनच काढतात. याची बोटाएवढी चिपटी पावसातही मेणबत्तीसारखी जळते. काजळी फार धरते, भांडी घासायला लागतील.

बर्च म्हणजे आपलं भूर्ज. याच्या सालीवर एकेकाळी पोथ्या लिहीत, तीच भूर्जपत्रं. या सालीत तेलकट द्रव्य असतं, त्यामुळे ती पाण्यात पडली तरी पुसून पेटवता येते. पेटताना तडतडते, काळा धूर काढते. पण साल घ्यायची ती मेलेल्या, पडलेल्या झाडाची. बर्चचं लाकूड आतून कुजून पीठ होतं तरी बाहेरची साल नळीसारखी शाबूत राहते, त्यामुळे जिवंत झाड सोलायचं काही कारणच उरत नाही.

बांबू असेल तर वाळलेला, पिवळा पडलेला उभा चिरून घ्या, आतली बाजू सुरीच्या धारेने खरवडली की उत्तम भुसा मिळतो. चिरूनच घ्या, हे दोनदा सांगते. पेराची दोन्ही टोकं बंद असलेला तुकडा आगीत टाकला तर आतली हवा आणि वाफ तापून तो फुटतो. माझ्या एका मुक्कामात अशा आवाजाने अर्धी मुलं रडायला लागली होती आणि एकाच्या स्वेटरला भोक पडलं. तो तुकडा मीच टाकला होता.

आणखी एक. ओल्या जमिनीवर थेट शेकोटी पेटवू नका. अंगठ्याएवढी लाकडं शेजारी शेजारी मांडून चटई करा आणि त्यावर रचा. पुढची ओली लाकडं शेकोटीभोवती उभी टेकवून ठेवा, ती शेकत शेकत वाळतात. घरटं करायचे तंतू मात्र चालताना शर्टाच्या आत, पोटाशी ठेवून द्यायचे. तासाभरात बऱ्यापैकी कोरडे होतात. टोचतात.

मी सहावीत आहे. आदिमानव दोन दगड घासून आग पेटवायचे ना? मी खूप वेळ दगडावर दगड आपटले. ठिणगी दिसली पण कागद पेटला नाही. आजोबा म्हणतात मला जमणार नाही. खरं आहे का?
*दगड फोडणारी मुलगी*

आजोबांना सांग, कोणालाच जमणार नाही, त्यांनाही. तू गारगोट्या आपटल्या असशील. अंधारात त्या चमकतात, छान दिसतात, पण ती चमक गार असते. गरम ठिणगी हवी तर एका बाजूला लोखंड लागतं. कडक पोलादाच्या तुकड्यावर दगडाची धारदार कड घासली, की पोलादाचा अगदी सूक्ष्म कण खरवडून निघतो. तो इतका बारीक आणि इतका तापलेला असतो, की हवेत आपोआप जळतो. म्हणजे चकमकीची ठिणगी दगडाची नसते, ती जळणाऱ्या लोखंडाची असते.

मग लोखंड काढायला शिकण्याआधी माणसं काय करायची? पायराइट नावाचा एक सोनेरी, जड दगड असतो. त्यात लोह आणि गंधक असतं. त्यावर गारगोटीसारखा कठीण दगड मारला की ठिणगी पडते. आता ऐक. १९९१ मध्ये आल्प्स पर्वतात, समुद्रसपाटीपासून ३२१० मीटर उंचीवर, बर्फात एका माणसाचं शरीर सापडलं. तो सुमारे ५३०० वर्षांपूर्वी मेला होता, पण बर्फामुळे त्याचे कपडे, हत्यारं, सगळं टिकलं. त्याला ओट्झी म्हणतात. त्याच्या कमरेच्या पिशवीत एका बुरशीचा मऊ लगदा होता आणि त्यावर पायराइटचे कण. ही बुरशी झाडाच्या खोडावर घोड्याच्या खुरासारखी उगवते. तिचा आतला तपकिरी थर सोलून, कुटून मऊ केला की मखमलीसारखा होतो. त्यावर ठिणगी पडली तर ज्वाळ येत नाही, पण ती विझतही नाही. हळूहळू लाल पसरत जातं. कागदाला हे जमत नाही, म्हणून तुझा कागद पेटला नाही.

ओट्झीकडे आणखी एक वस्तू होती, आणि मला ती सगळ्यात आवडते. भूर्जाच्या सालीचा डबा, त्यात मेपलच्या हिरव्या पानांत गुंडाळलेले कोळसे. म्हणजे हा माणूस कालच्या शेकोटीतला निखारा बरोबर घेऊन चालत होता. रोज नवी आग कोण काढत बसेल! घासून पेटणारी काडी तर इंग्लंडमध्ये जॉन वॉकर या औषधविक्रेत्याने १८२७ मध्ये विकायला काढली. त्याआधी कित्येक हजार वर्षं माणसं आग पेटवण्यापेक्षा सांभाळण्यातच जास्त हुशार होती.

लाकडावर लाकूड घुसळूनही आग निघते. त्या लाकडांना आपल्या भाषेत अरणी म्हणतात. मी हे शिकायला बसले तेव्हा पहिल्या दिवशी तळहातांना फोड आले, दुसऱ्या दिवशी ते फुटले, आणि पाचव्या दिवशी खालच्या फळीच्या खाचेत काळी पूड साठून तिच्यातून धुराचा एक दोरा आपला आपण वर जायला लागला. मी हात थांबवले तरी तो येतच होता. तेव्हा कळलं, निखारा झाला. आनंदाने मी एवढ्या जोरात श्वास सोडला की ती पूड उडून गेली. तू मोठी झालीस की कर. तोवर आजोबांना शेजारी बसवून पोलादाचा प्रयोग कर. डोळ्यांवर चश्मा घाल.

रानातलं कुठलं झाड जाळू नये?
*पोस्टकार्डावर एवढंच*

ओळखता येत नाही ते. कण्हेर तर मुळीच नाही, तिचा धूरही घातक आणि तिच्या काटकीवर भाजलेलं काही खाणं त्याहून. तोडल्यावर पांढरा चीक येणारी आणि अंगाला लागल्यावर खाज सुटणारी झाडं, वेली बाजूला ठेवा. खाज आणणारं द्रव्य धुरावाटे छातीत जातं. रंग दिलेल्या, प्लायवुडच्या फळ्या कोणी रानात टाकून गेलेला असतो, त्याही नकोत.

तुमचे लेख वाचून लोक रानात जाऊन आगी लावतील. आधीच वणव्यांनी डोंगर काळे होतात. तुम्हाला याची जबाबदारी वाटते का?
*एक निसर्गप्रेमी*

वाटते. तुमचं पत्र मी आधी बाजूला ठेवलं होतं, मग परत वर काढलं, कारण तुमचा मुद्दा माझ्या अनुभवातूनच सिद्ध होतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका मोठ्या झाडाखाली मी शेकोटी केली. जागा मऊ होती, पावलाखाली दबत होती, बसायला छान. रात्री पाणी ओतलं, फुस्स झालं, झोपलो. पहाटे उठले तर शेकोटीची जागा गार आणि तिच्यापासून चार हात लांब जमिनीतून धूर येतोय. ती माती नव्हतीच. वर्षानुवर्षं कुजलेल्या पानांचा आणि मुळांचा थर होता, आणि विस्तव त्याच्या आतून रात्रभर सरकत होता. आम्ही दोन तास खणत होतो, जवळचं प्यायचं पाणीसुद्धा ओतलं. आम्ही पहाटेऐवजी दुपारपर्यंत झोपून राहिलो असतो किंवा वारा सुटला असता, तर हा स्तंभ लिहायला मी तोंड दाखवलं नसतं.

तेव्हापासून मी आधी पाचोळा, काळा थर हाताने खरवडून खालची खरी माती किंवा वाळू लागेपर्यंत जाते. भोवती दोन-तीन पावलं जागा झाडून घेते. वर लोंबत्या फांद्या नकोत. कडेला दगड लावायचे तर ओढ्यातले नाही. त्यांच्यात पाणी मुरलेलं असतं आणि तापल्यावर दगड तडकून कपचे उडतात. उन्हाळ्यात गवत पिवळं पडलेलं असताना, सुसाट वाऱ्यात, किंवा वनखात्याने मनाई केलेल्या जागी शेकोटी नाही म्हणजे नाही. मुलं कितीही फुरंगटून बसोत. उभं वाळलेलं मोठं झाडही तोडत नाही, त्याच्या ढोलीत कोणी ना कोणी राहतं. अंगठ्याएवढ्या काटक्यांत सगळ्यांची ऊब भागते. मनगटाएवढी लाकडं आता मी क्वचितच वापरते.

विझवताना पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, पुन्हा ओतायचं. मग हाताची मागची बाजू राखेच्या वर धरायची, ऊब लागली नाही तर राखेत हात घालायचा. धजत नसेल तर शेकोटी विझलेली नाही. आणखी पाणी आणा.

शेकोटीभोवती कुठेही बसलो तरी धूर माझ्याकडेच येतो. मित्र म्हणतात मी पापी आहे.
*डोळे पुसणारा*

मित्रांच्या मताबद्दल मला काही म्हणायचं नाही. धुराचं कारण वेगळं आहे. आग चारी बाजूंनी हवा आत ओढते. तू जवळ बसलास की तुझ्या बाजूने येणारी हवा अडते, बाकीच्या बाजूंनी ती येतच राहते आणि धुराला तुझ्याकडे ढकलते. जागा बदललीस तर अडथळाही तुझ्याबरोबर जागा बदलतो. तुझ्यासमोर, शेकोटीच्या पलीकडच्या बाजूला एक मोठा दगड किंवा जाड ओंडका उभा कर, म्हणजे तिकडूनही हवा अडेल आणि धूर बराचसा सरळ वर जाईल. नाहीतर त्या मित्रांपैकी जो सगळ्यात जास्त हसतो, त्याला समोर बसव.